नारळाची बाग सोडून निघालेला विद्यार्थी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला 'कॉम्प्युटर क्षेत्रातील संधी' असा विषय दिला होता. मी तो हात जोडून परत केला. एक तर आता आपली मुलंच आपल्याला संधी समजावून सांगतात. दुसरं म्हणजे गेली दोन वर्षं माझ्या डोक्यात जो माणूस ठाण मांडून बसला आहे, त्याचा कॉम्प्युटरशी काडीचा संबंध नाही. धर्मानंद कोसंबी. त्यांचं नाव मी पहिल्यांदा आपल्या वर्गातच ऐकलं. एका ऑफ तासाला मराठीच्या बाई आल्या होत्या आणि गोव्यातला एक तरुण नारळाची बाग सोडून बुद्धाचा शोध घ्यायला कसा निघाला, एवढं सांगेपर्यंत घंटा झाली. पुढचं ऐकायचं राहिलं ते तीस वर्षं राहिलं.

दोन वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होते तिथे माणसं कमी केली, त्यात माझा नंबर लागला. चव्वेचाळिसाव्या वर्षी मुलाखती देणं काय असतं ते आपल्यापैकी काहींना माहीत आहे, इतरांना माहीत नसो. पाच महिने घरी होते. त्या दिवसांत वाचनालयातून कोसंबींचं आत्मचरित्र आणलं. 'निवेदन' त्याचं नाव, पुस्तकरूपाने १९२४ साली आलेलं. बाईंची अर्धी गोष्ट पुरी करावी, एवढाच हेतू होता.

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळचा. तब्येत नाजूक, शाळा जेमतेम थोडी मराठी, आणि पुढे घरच्या नारळाच्या बागेची देखभाल. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य, मराठी पुस्तक मिळणंसुद्धा नशिबाचं काम. लग्न लहान वयातच झालेलं. 'बालबोध' नावाचं मुलांचं मासिक त्या काळी निघे. त्यातला बुद्धाच्या चरित्रावरचा मजकूर त्यांच्या वाचनात आला आणि मनात जे बसलं ते पुन्हा निघालं नाही. गंमत बघा, मुलांचं मासिक! आपण ज्याला टाइमपास म्हणून बाजूला टाकू, त्यातून एका माणसाच्या आयुष्याची दिशा ठरली.

घर सोडायचे प्रयत्न आधीही झाले आणि फसले. १८९९ साली वडील गेले, त्याच वर्षी मुलगी माणिक जन्मली, आणि वर्षअखेरीस हा तेवीस वर्षांचा माणूस संस्कृत शिकण्यासाठी पुण्याला निघाला. बायको बालाबाई आणि काही महिन्यांची मुलगी मागे ठेवून. इथे मी पुस्तक मिटलं होतं. पुढे येईनच त्यावर.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी आधार दिला. तिथून ग्वाल्हेर करत काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचं आणि शास्त्र्यांकडे शिकायचं. आपल्या हॉस्टेलच्या मेसबद्दल आपण जन्मभर तक्रार केली. हे वाचल्यावर मी तरी बंद केली आहे. काशीत संस्कृत बऱ्यापैकी झालं, पण बुद्ध काही तिथे सापडेना. म्हणून नेपाळ. तिथेही निराशा. मग बोधगया, कलकत्ता आणि १९०२ साली सिंहलद्वीप, म्हणजे आताची श्रीलंका. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे त्यांनी पाली भाषा शिकायला सुरुवात केली. ज्या भाषेत बुद्धाचे ग्रंथ आहेत तिच्या अक्षरांपर्यंत पोहोचायला अडीच-तीन वर्षं आणि अर्धा हिंदुस्थान लागला. पुढे ब्रह्मदेशात जाऊन ते भिक्षू झाले. भिक्षापात्र घेऊन सारनाथ, कुशिनगर अशी बुद्धाची ठिकाणं पाहिली.

मी इंजिनिअर, त्यामुळे मला यात सर्वांत जास्त ओढ कशाची वाटली असेल तर लिप्यांची. पाली भाषेला स्वतःची एक अशी लिपी नाही. तोच ग्रंथ सिंहली लिपीत मिळणार, ब्रह्मी लोकांच्या लिपीत मिळणार, युरोपात छापलेला रोमनमध्ये. प्रत्येक परंपरेत पाठभेद. ताडपत्रावर नक्कल करताना कुणी अक्षर गाळलं, कुणी ओळ. एकाच प्रोग्रॅमच्या चार आवृत्त्या चार माणसांनी चार गावांत बदलून ठेवाव्यात आणि मूळ कोणतं ते कुणालाच ठाऊक नसावं, तशातला प्रकार. आमच्याकडे आवृत्त्या जुळवायला साधनं असतात, तरी आम्ही वैतागतो. कोसंबींनी आयुष्याची कितीतरी वर्षं बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या एकाच ग्रंथाचे पाठ जुळवण्यात घातली.

त्याचीच कथा त्यांना अमेरिकेला घेऊन गेली. हार्वर्डमध्ये हेन्री वॉरन नावाचे पंडित या ग्रंथावर काम करत होते. ते १८९९ साली, म्हणजे कोसंबींनी घर सोडलं त्याच वर्षी वारले आणि काम अर्धवट राहिलं. ते पुरं करायला नारळाच्या बागेतल्या, विद्यापीठाची एकही पदवी नसलेल्या माणसाला १९१० साली हार्वर्डने बोलावलं. एकूण चार वेळा ते तिकडे जाऊन आले. प्रोफेसर लॅनमन यांच्याशी श्रेयावरून मतभेद झाले, पुस्तकावर नाव कोणाचं आणि कसं लागावं यावरून. ग्रंथ हार्वर्डच्या मालेत छापून आला तो १९५० साली. तोवर कोसंबी हयात नव्हते. मात्र त्यांनी वाट पाहत बसणं पसंत केलं नाही. आपली देवनागरी आवृत्ती त्यांनी १९४० मध्येच मुंबईहून काढली होती.

मधली वर्षं भराभर सांगते. १९०६ ला चीवर उतरवून ते कलकत्त्याला पाली शिकवू लागले. महाराष्ट्रात राहून काम करावं म्हणून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना पन्नास रुपये देऊ केले, तेव्हा कलकत्त्याची अडीचशेची नोकरी सोडून ते आले. (हा हिशेब मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. कुणी काही बोललं नाही.) फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली, पु. वि. बापटांसारखे विद्यार्थी घडवले. गुजरात विद्यापीठात संशोधन केलं, लेनिनग्राडला जाऊन आले, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, परळच्या कामगार वस्तीत १९३७ मध्ये 'बहुजनविहार' उभा केला. समाजवाद त्यांनी हार्वर्डच्या मुक्कामात वाचून समजून घेतला. तोवर त्यांची चाळिशी जवळ आली होती किंवा उलटली होती.

आता बालाबाई. कोसंबी घरी परतले ते जवळजवळ सात वर्षांनी. माणिक तोवर सात वर्षांची झाली होती. पुढे १९०७ साली मुलगा झाला, तो म्हणजे गणिती आणि इतिहासकार दामोदर कोसंबी. १९१८ साली माणिक आणि दामोदर या दोघांना वडिलांनी शिकायला अमेरिकेला नेलं. मुलीलाही नेलं, हे त्या काळी थोडंथोडकं नव्हे. पण त्या सात वर्षांत पोरीला कडेवर घेऊन बालाबाई काय म्हणत असतील, हे 'निवेदना'त शोधून फारसं सापडत नाही. या एका जागी मला त्यांचा राग येतो आणि तो अजून गेलेला नाही.

पण त्यांच्या 'भगवान बुद्ध' या पुस्तकात एक गोष्ट आहे. सिद्धार्थ मध्यरात्री झोपलेल्या बायको-मुलाला टाकून गुपचूप निघाला, ही कथा आपण सगळे जाणतो. कोसंबी ती मानत नाहीत. जुन्या सुत्तांत आईबाप रडत असताना, त्यांच्या देखत तो निघाला असं आहे, हे ते दाखवतात. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून वैराग्य आलं हेही त्यांना पटत नाही. शाक्य आणि कोलियांच्या पाण्यावरच्या भांडणाशी ते त्याचा संबंध जोडतात. पुरावा म्हणून हे बरोबरच असेल. मला मात्र राहून राहून वाटतं, स्वतः तान्ह्या मुलीला सोडून गेलेल्या माणसाने ते पान लिहिताना काहीतरी आठवलं असेल.

शेवटी शरीर साथ देईना, तेव्हा त्यांनी अन्न सोडायचं ठरवलं. एकदा गांधीजींच्या सांगण्यावरून उपास थांबवला. पुढे सेवाग्राममध्ये पुन्हा सुरू केला आणि जून १९४७ मध्ये तिथेच गेले. वय सत्तर.

मला नंतर नोकरी लागली, पूर्वीपेक्षा कमी पगाराची. शनिवारी मी पालीच्या वर्गाला जाते. वर्गात माझ्याहून मोठे दोघे निवृत्त गृहस्थ आहेत, बाकी पोरं. विभक्ती पाठ होत नाहीत. गेल्या महिन्यात दुसऱ्या शहरातल्या दोन वर्षांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाचा अर्ज भरला आणि त्याच रात्री जेवताना मुलीला कोसंबींची ही सगळी गोष्ट सांगितली. ती आठवीत आहे. तिने एवढंच विचारलं की, माणिकला कुणी विचारलं होतं का.

अर्ज अजून पाठवलेला नाही. आम्ही दोघी त्यावर बोलतो आहोत. संमेलनाला ती माझ्यासोबत येणार आहे, आणि बाई येणार असतील तर त्या ऑफ तासाला घंटा झाल्यावर पुढे काय सांगणार होत्या, हे तिला त्यांच्याकडूनच ऐकायचं आहे.