लार्स लेक्सेल

मेंदूची शस्त्रक्रिया म्हटली की कवटी उघडणे आलेच, अशी वैद्यकात पूर्वापार समजूत होती. कवटीला हात न लावता मेंदूच्या अंतर्भागी पोहोचण्याचा ध्यास स्वीडनमधील एका शल्यविशारदाने घेतला. त्यांचे नाव लार्स लेक्सेल.

त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १९०७ रोजी गोथेनबर्ग शहरानजीक झाला. स्टॉकहोम येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १९३५ साली ते ऑलिव्हक्रोना या नामांकित शल्यविशारदांच्या हाताखाली काम करू लागले. त्या काळी हे काम मोठे जोखमीचे होते. रक्तस्राव आवरला नाही की रोगी दगावे. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात लेक्सेल स्वेच्छेने फिनलंडला गेले. जखमी सैनिकांच्या पाठीच्या कण्यातून गोळ्या काढताना हाताशी असलेली हत्यारे त्यांना अपुरी वाटली, तेव्हा त्यांनी हाड कुरतडणारा नवा चिमटा योजिला. हत्यार अडले की नवे घडवावे, हा त्यांचा स्वभावच होता.

१९४९ साली त्यांनी मस्तकावर बसवावयाची धातूची चौकट प्रसिद्ध केली. तिच्यावरील मापांनी मेंदूतील कोणताही बिंदू अचूक हेरता येई. दोनच वर्षांनी त्यांना सुचले की, त्या बिंदूवर सुईऐवजी किरणच का सोडू नयेत? एकेक किरण इतका सौम्य असावा की वाटेतील मेंदूला इजा होऊ नये. पण सारे किरण जेथे मिळतील तेथे त्यांचा प्रभाव पडावा. प्रथम त्यांनी क्ष-किरण वापरले. पुढे पदार्थवैज्ञानिक लार्सन यांच्यासह उप्साला येथे प्रोटॉनांचे प्रयोग केले. परंतु ते अवाढव्य यंत्र रुग्णालयात कोठे मावणार? अखेर कोबाल्ट धातूचा आश्रय घेतला आणि १९६८ साली १७९ किरणस्रोतांचे यंत्र स्टॉकहोमला उभे राहिले. त्याला ‘गॅमा नाईफ’ म्हणतात. नाव सुरीचे, पण तिला पाते नाही!

हे यंत्र मुळात असह्य वेदना व कंप यांसाठी योजिले होते. त्याचा मोठा उपयोग झाला तो निराळ्याच विकारात. चिमूर-नागभीडकडे तलावाचे पाणी मोठ्या पाटातून लहान पाटांत व तेथून धानाच्या बांध्यांत शिरते, तोवर त्याचा जोर ओसरलेला असतो. रोहिणीतील रक्तही असेच सूक्ष्म केशवाहिन्यांतून मंदावत नीलेत जाते. काहींच्या मेंदूत मात्र जन्मतःच मधल्या केशवाहिन्या नसतात. रोहिणी व नीला एकमेकींत गुंतून गाठोडे होते आणि रक्ताचा सारा जोर नीलेच्या पातळ भिंतीवर येतो. ती फुटली तर प्राणाशी गाठ.

१९७० साली लेक्सेल यांचे सहकारी स्टायनर यांनी स्टॉकहोमला अशा गुंत्यावर प्रथमच हे किरण सोडले. किरणांनी वाहिनीचे अस्तर हळूहळू जाड होते व मार्ग बुजतो. त्याला दोन-तीन वर्षे लागतात आणि तोवर रक्तस्रावाचे भय कायम असते. गुंता लहान असल्यास गुण अधिक येतो. मोठ्या गुंत्यापुढे ही सुरीही पुष्कळदा हतबल होते.

जानेवारी १९८६ मध्ये आल्प्स पर्वतात फिरत असताना लेक्सेल यांचे निधन झाले. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९९७ साली, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात व दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत त्यांचे यंत्र येऊन पोहोचले.