शंभर अवधाने आणि एक वही

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजच्या कन्नड विभागातील एका मित्राने मला अष्टावधानाचा कार्यक्रम पाहायला नेले. मला कन्नड येते ते बाजारापुरते. काव्यातले बारकावे तोच कानाशी लागून सांगत होता. व्यासपीठावर मध्यभागी अवधानी बसले होते आणि त्यांच्याभोवती आठ पृच्छक. एकाने समस्या घालायची, दुसऱ्याने चार शब्द देऊन ते पद्यात गुंफायला सांगायचे, तिसऱ्याने पावलोपावली एकेक अक्षर वर्ज्य करायचे. एकजण मध्येच घंटा वाजवी आणि तिचे टोले मनात मोजायचे असत. आणखी एकाचे काम तर भलतेसलते विषय काढून अवधानींचे लक्ष उडवणे एवढेच! शेवटी अवधानींनी सारी पद्ये पुन्हा म्हणून दाखवली आणि टोल्यांची संख्याही बरोबर सांगितली, तेव्हा सभागृह टाळ्यांनी दणाणून गेले. टाळ्या मीही वाजवल्या. पण मनात एक आगाऊ विचार येऊन गेला की, लहान प्रमाणावर का होईना, हे तर आपण रोजच करतो.

तसे वाटायला कारण होते. सकाळी सहा ते दहा मी एका आडत दुकानात हिशेब लिहितो आणि मग कॉलेजला येतो. त्या चार तासांत एका कानात मोबाईलवरचे व्याख्यान, हाताखाली शेतकऱ्यांच्या पट्ट्या, मध्येच मित्रांच्या निरोपांना उत्तरे, असा माझा क्रम होता. वेळेचा असा उपयोग करणारा दुसरा विद्यार्थी वर्गात नाही, असा माझा समज होता आणि त्याचा मला अभिमानही होता.

पुढे महिनाभरातच हा अभिमान उतरला. एका शेतकऱ्याच्या बटाट्याची रक्कम मी त्याच नावाच्या दुसऱ्या खात्यावर उचल म्हणून टाकली होती. तो बिचारा गावाहून दोनदा आला आणि वहीत रक्कम दिल्याची नोंद आहे, असे ऐकून दोनदा परत गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मालकांनी स्वतः रोजकीर्द आणि खतावणी ताडून पाहिली आणि चूक उघडकीस आली. तोवर पेरणीचे दिवस निघून चालले होते. त्याला बियाणे उधारीने, चढ्या दराने घ्यावे लागले होते. मालक मला एक शब्दही रागाने बोलले नाहीत. त्यांनी फक्त ती वही माझ्यापुढे सरकवली. हस्ताक्षर माझेच होते. पण ती नोंद केल्याचे मला काही केल्या आठवेना.

ही हकीकत त्या कन्नड मित्राला सांगितली, तेव्हा त्याने मला श्रीमद् राजचंद्रांची आठवण करून दिली. गांधीजींच्या आत्मकथेत हे नाव मी वाचले होते, पण परीक्षेपुरतेच. या खेपेस मात्र शोधून वाचले. मी काही तत्त्वज्ञानाचा अभ्यासक नव्हे. एकाच वेळी शंभर गोष्टी करून दाखवणारा हा माणूस ते सारे सोडून का देतो, एवढेच मला जाणून घ्यायचे होते.

रायचंदभाई मेहता यांचा जन्म नोव्हेंबर १८६७ मध्ये, कार्तिकी पौर्णिमेला, सौराष्ट्रातील मोरबीजवळच्या ववाणिया या गावी झाला. वडील रावजीभाई आणि आई देवबाई. आजोबा कृष्णभक्त आणि आई जैन संस्कारांतली, त्यामुळे दोन्ही प्रवाह घरातच भेटत होते. मुलाची स्मरणशक्ती विलक्षण होती. शाळेचा सात वर्षांचा अभ्यास त्यांनी दोन वर्षांत उरकला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. लहान वयातच वडिलांच्या दुकानात बसावे लागले, तेथेही हिशेब आणि वाचन दोन्ही चालत. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी ‘मोक्षमाला’ हा १०८ पाठांचा ग्रंथ लिहिला.

त्याच सुमारास मोरबीला शास्त्री शंकरलाल भट्ट यांचे अष्टावधान त्यांनी पाहिले आणि ती कला लगेच आत्मसात केली. प्रथम मित्रमंडळींत बारा अवधाने, मग सोळा, पुढे बोटाद येथे बावन्न! त्यांत सोंगट्या, पत्ते आणि बुद्धिबळ खेळणे, गणिते सोडवणे, टोले मोजणे, दिलेल्या विषयांवर पद्ये रचणे, निरनिराळ्या भाषांतील शब्द उलटसुलट क्रमाने ऐकून सुलट क्रमाने म्हणून दाखवणे, असे प्रकार असत. २२ जानेवारी १८८७ रोजी मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शतावधान केले. अध्यक्षस्थानी डॉ. पीटरसन होते. वर्तमानपत्रांनी वाखाणणी केली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट यांनी युरोपात जाऊन प्रयोग करण्याचे सुचवले, असेही सांगतात. त्या वेळी राजचंद्रांचे वय होते एकोणीस, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचे आहे तेवढेच!

मित्रहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. एकोणिसाव्या वर्षी सारी मुंबई डोक्यावर घेते आहे, परदेशाची वाट खुली होते आहे. अशा वेळी आपण काय केले असते? राजचंद्रांनी युरोपला जाण्याचे नाकारले आणि पुढे थोड्याच काळात अवधानाचे जाहीर प्रयोगही कायमचे बंद केले. विद्या अपुरी पडली म्हणून नव्हे. लोकांच्या वाहवेने चित्त बाहेर धावते आणि ज्या आत्मशोधाची त्यांना ओढ होती त्याला ती वाहवाच आड येते, हे त्यांना उमगले होते.

अवधानाविषयी वाचताना माझा एक मोठा गैरसमज दूर झाला. अवधानी शंभर कामे एकाच क्षणी करत नाही. पृच्छक पाळीपाळीने येतात. ज्याची पाळी असेल त्याच्याकडे अवधानी पूर्ण लक्ष देतो, त्याचे मागणे मनात जागच्या जागी ठेवतो आणि मगच दुसऱ्याकडे वळतो. घंटेचा टोला पडला की तेवढी नोंद घेऊन पुन्हा मूळ जागी येतो. शब्दाचा अर्थच पाहा ना! अवधान म्हणजे लक्ष. मी दुकानात करत होतो ते अवधान नव्हतेच. त्याला अनवधान म्हणतात.

मानसशास्त्रज्ञांनीही याची मोजदाद केली आहे. आर्थर जर्सिल्ड या अमेरिकन संशोधकाने १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना आकड्यांच्या याद्या दिल्या. सगळीकडे बेरीजच किंवा सगळीकडे वजाबाकीच करायची असली तर काम भराभर होई. पण एक बेरीज, एक वजाबाकी अशी आलटूनपालटून करायची असली की तेवढ्याच आकड्यांना अधिक वेळ लागे. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवून दिले की, पहिले काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळले तर लक्षाचा काही अंश पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरे काम त्या प्रमाणात कच्चे होते. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर बटाट्याची ती पट्टी उभी राहिली.

राजचंद्रांच्या पुढच्या आयुष्यात मला याचेच उत्तर सापडले. १८८८ साली त्यांचा विवाह झबकबाईंशी झाला आणि पुढे मुंबईत रेवाशंकर जगजीवन झवेरी यांच्या भागीदारीत ते हिरेमोत्यांच्या व्यापारात पडले. जुलै १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतलेले गांधीजी त्यांना प्रथम भेटले. गांधीजी एकवीस वर्षांचे होते, राजचंद्र तेवीस वर्षांचे. गांधीजींनी आपल्याला येत असलेल्या युरोपीय भाषांतील शब्द त्यांना ऐकवले आणि राजचंद्रांनी ते त्याच क्रमाने परत म्हणून दाखवले. परंतु गांधीजींवर खरा प्रभाव पडला तो या करामतीचा नव्हे. लाखोंचे व्यवहार करणाऱ्या या माणसाच्या बैठकीवर नेहमी एखादा धर्मग्रंथ आणि एक वही असे. सौद्याचे बोलणे संपले की लगेच ग्रंथ किंवा वही उघडे आणि आत्मचिंतन सुरू होई. सौदा चालू असताना सौदा आणि वही उघडल्यावर वही. पुढे दक्षिण आफ्रिकेत धर्माविषयीच्या शंकांनी गांधीजींना घेरले, तेव्हा १८९४ साली त्यांनी आपले सत्तावीस प्रश्न राजचंद्रांनाच लिहून पाठवले आणि त्यांच्या सविस्तर उत्तराने त्यांना पुष्कळ समाधान मिळाले.

मात्र हे सारे राजचंद्रांना सहज साधले, असे मी म्हणणार नाही. सायल्याच्या सोभागभाईंना त्यांनी लिहिलेली पत्रे पाहावीत. व्यापाराला ते वारंवार उपाधी म्हणतात. तो भार त्यांना जाचत होता. म्हणून ते अधूनमधून दुकानापासून दूर, खंभात, राळज, उत्तरसंडा, ईडर अशा ठिकाणी जाऊन एकांतात राहत. असल्याच एका मुक्कामात, १८९६ साली नडियाद येथे, सोभागभाईंच्या विनंतीवरून त्यांनी ‘आत्मसिद्धी’ हे १४२ कडव्यांचे काव्य एका बैठकीत लिहिले. अंबालाल नावाचे अनुयायी कंदील धरून उभे होते, असे सांगतात. दीड-दोन तासांच्या त्या लेखनात ना पृच्छक होते, ना घंटा, ना टाळ्या. शतावधानाच्या त्या दिवसातले आज लोकांना काय पाठ आहे? ‘आत्मसिद्धी’ मात्र अजून घरोघर म्हटली जाते.

अखेरच्या काळात ते व्यापारातून निवृत्त झाले, पण प्रकृतीने साथ दिली नाही. ९ एप्रिल १९०१ रोजी राजकोट येथे, वयाच्या अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. इतक्या थोड्या आयुष्यात हाती असलेली सर्वांत झगझगीत विद्या त्यांनी विसाव्या वर्षाच्या आसपास बाजूला ठेवली होती, हे आठवले की मला त्यांच्या स्मरणशक्तीपेक्षा त्यांच्या त्या निर्णयाचेच अधिक नवल वाटते.

आता माझ्याविषयी थोडे. मी राजचंद्र होणार नाही, होऊही शकणार नाही. दुकान सोडणे मला परवडणारे नाही आणि कॉलेज सोडायचे नाही. म्हणजे दोन वह्या राहणारच. एवढेच ठरवले आहे की एक मिटल्याशिवाय दुसरी उघडायची नाही. मोबाईल सकाळी दहापर्यंत गल्ल्याशेजारच्या खणात राहतो. पहिले काही दिवस हात आपोआप तिकडे जाई. अजूनही कधीकधी जातो. व्याख्यान मी रात्री ऐकतो आणि आश्चर्य म्हणजे एकदाच ऐकावे लागते. पूर्वी तेच तीन-तीनदा ऐकत होतो.

तो शेतकरी परवा पुन्हा माल घेऊन आला होता. त्याची पट्टी मी लिहिली आणि त्याच्यासमोरच खात्यावर टाकली. त्याने वाकून वहीत पाहिले, बोट ठेवून नाव वाचले, मग वडिलांचे नाव वाचले, मग रक्कम वाचली. ते होईपर्यंत मी लेखणी खाली ठेवून गप्प बसून राहिलो.