शून्यापासून मोजणारा प्रोग्रॅमर

यादीतील तिसऱ्यापासून सातव्यापर्यंतची नावे काढून टाका, असे कारकुनाला सांगितले, तर तो पाच नावांवर काट मारून मोकळा होईल. संगणकाला हेच सांगायचे तर आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. मोजणी एकापासून की शून्यापासून? आणि 'सातव्यापर्यंत' म्हणजे सातवे धरून की सोडून? आपल्या मराठीतल्या 'पर्यंत'नेही अशीच पंचाईत होते. पाच तारखेपर्यंत अर्ज घेणार, म्हणजे पाचला घेणार की नाही, हे खिडकीवर जाऊन विचारावेच लागते. यंत्र मात्र उलट विचारीत नाही. ते भलतेच नाव मुकाट्याने पुसून टाकते. या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी ज्यांनी लेखणी उचलली, ते एड्स्गर वीबे डाइक्स्ट्रा हे गेल्या शतकातील संगणकशास्त्राच्या पहिल्या फळीतले विद्वान होते.

हॉलंडमधील रॉटरडॅम येथे ११ मे १९३० रोजी त्यांचा जन्म झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणितज्ञ. कायदा शिकून संयुक्त राष्ट्रसंघात देशाचे प्रतिनिधित्व करावे, असे मुलाच्या मनात होते. पण विज्ञानातील उत्तम गुणांमुळे तो लायडन विद्यापीठात भौतिकशास्त्राकडे वळला. १९५१ मध्ये केंब्रिज येथे संगणकाच्या प्रोग्रॅमिंगचा एक छोटा अभ्यासक्रम त्यांनी केला आणि पुढच्याच वर्षी अॅमस्टरडॅमच्या 'मॅथेमॅटिकल सेंटर'मध्ये ते प्रोग्रॅमर म्हणून रुजू झाले. भौतिकशास्त्र हा प्रतिष्ठेचा विषय; प्रोग्रॅमिंगला तर विषय म्हणावे की नाही, याचीच शंका. हे कसब शास्त्राच्या पदवीला नेणाऱ्यांपैकी एक आपण का होऊ नये, अशी उमेद त्यांचे वरिष्ठ आद्रियान फान वाइनखार्डन यांनी त्यांना दिली आणि मनाची घालमेल संपली. १९५७ मध्ये मारिया देबेट्स यांच्याशी विवाह झाला, तेव्हा नोंदणीच्या अर्जावर त्यांनी व्यवसाय 'प्रोग्रॅमर' असा लिहिला. असा व्यवसाय अस्तित्वातच नाही, असे सांगून नगरपालिकेने तो नाकारला. अखेर 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' असे लिहून नोंद झाली.

दोन स्थळांमधील सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची त्यांची रीत आज संगणकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावी लागते. ती त्यांना १९५६ मध्ये सुचली. वाग्दत्त वधूबरोबर खरेदीला बाहेर पडले असता ते एका कॅफेत कॉफी घेत बसले होते. हाताशी कागद-पेन्सिल नव्हती, आणि वीसेक मिनिटांत काम झाले. १९५९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी डॉक्टरेट, १९६० मध्ये सहकारी याप झोनेव्हेल्ड यांच्यासह अल्गोल-६० या भाषेचा कंपायलर, १९६२ पासून आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापकी, १९६८ मध्ये 'गो टू' या आज्ञेवरचे गाजलेले पत्र आणि १९७२ चा ट्युरिंग पुरस्कार, असा हा चढता आलेख आहे. (त्या पत्राचे भडक शीर्षक मात्र संपादक निक्लाउस विर्ट यांचे होते.)

१९७३ मध्ये बरोज कंपनीने त्यांना संशोधक म्हणून नेमले आणि न्यूनेन गावातले घर हीच त्यांची कचेरी झाली. संगणकावर बसून प्रोग्रॅम लिहिणे त्यांना मान्य नव्हते. आधी विचार, मग फाउंटन पेनने सुवाच्य अक्षरात कागदावर मांडणी. चाचणी घेतल्याने चुका सापडतात, चुका नाहीत हे मात्र सिद्ध होत नाही, हा त्यांचा आग्रह होता. नावाची तीन आद्याक्षरे आणि अनुक्रमांक घातलेली अशी १३०० हून अधिक टिपणे त्यांनी लिहिली. त्यांच्या छायाप्रती ते मित्रांना टपालाने पाठवीत. मित्र त्यांच्या आणखी प्रती काढीत.

त्यांतले ८३१ वे टिपण ११ ऑगस्ट १९८२ चे आहे. विद्यापीठातील एका गणितज्ञ सहकाऱ्याने शून्यापासून मोजणाऱ्या तरुण संगणकतज्ज्ञांवर पांडित्य मिरवल्याचा आरोप केला होता. त्यातून हे टिपण उतरले. दोन ते बारा या संख्यांचा पट्टा कसा लिहावा, एवढाच त्यात प्रश्न आहे. दोन्ही टोके धरता येतात, दोन्ही सोडता येतात, किंवा एक धरून दुसरे सोडता येते. पहिले टोक धरून शेवटचे सोडणे, म्हणजे दोनपासून तेराच्या अलीकडे, हीच पद्धत योग्य, असा निर्वाळा त्यांनी दिला. तेरातून दोन वजा केले की अकरा ही पट्ट्याची लांबी थेट मिळते. एक पट्टा संपतो त्याच आकड्यावर दुसरा सुरू होतो. आणि अशा पट्ट्यात शून्यापासून मोजले, तर अखेरचा आकडा हीच एकूण संख्या ठरते. हा केवळ कागदी तर्क नव्हता. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातील मेसा या भाषेत चारही पद्धतींची सोय होती, आणि इतर तिन्हींमुळे तेथे चुका होत राहिल्या, हा अनुभवही त्यांनी नोंदवला आहे.

यादीतून तुकडा काढताना या निवडीचे मोल कळते. दोनपासून सातच्या अलीकडचे घटक काढले, तर पाच गेले. उरलेली यादी म्हणजे आरंभापासून दोनच्या अलीकडचा भाग आणि सातपासून पुढचा भाग. तेच दोन आकडे पुन्हा वापरायचे, कुठेही एक मिळवणे वा वजा करणे नाही. काहीच काढायचे नसेल तर दोनपासून दोनच्या अलीकडे. दोन्ही टोके धरणाऱ्या पद्धतीत हीच रिकामी निवड 'दोनपासून एकपर्यंत' अशी विचित्र लिहावी लागते.

घटक एकेक करून काढणाऱ्याची फसगत तर ठरलेलीच. दुसऱ्या क्रमांकाचा घटक काढला की तिसरा सरकून त्याच्या जागी येतो. प्रोग्रॅम मात्र पुढच्या क्रमांकाकडे गेलेला असतो आणि एक घटक निसटतो. म्हणून पट्टा एकदम काढावा, नाही तर मागून पुढे यावे. आवर्तनाच्या प्रत्येक फेरीत काय कायम सत्य राहते ते आधी मांडा, ही डाइक्स्ट्रांची शिकवण अशा वेळी उपयोगी पडते.

शून्यापासूनची मोजणी सी भाषेने १९७० च्या दशकातच रूढ केली होती, तेव्हा सगळे श्रेय या टिपणाला देणे योग्य नाही. आर, मॅटलॅब या भाषा तर एकापासूनच मोजतात. डाइक्स्ट्रांचा फटकळपणाही अनेकांना बोचला. फोर्ट्रान आणि बेसिकवरची त्यांची टीका कित्येकदा अकारण कडवट होती. पण पायथॉन ही भाषा पाहावी. ज्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये ते रुजू झाले होते, तिथेच, संस्थेचे नाव बदलल्यानंतर, डिसेंबर १९८९ मध्ये खिडो फान रोसम यांनी ती लिहायला घेतली. त्या भाषेत यादीचा तुकडा पहिले टोक धरून आणि शेवटचे सोडूनच काढला जातो.

१९८४ मध्ये डाइक्स्ट्रा अमेरिकेत ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात गेले आणि १९९९ मध्ये निवृत्त झाले. कर्करोगाने गाठल्यावर ते न्यूनेनला परतले; ६ ऑगस्ट २००२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांची हस्तलिखिते टेक्सास विद्यापीठाने जपली आहेत. उत्तरायुष्यातील टिपणांच्या पहिल्या पानावर त्यांनी घातलेला पृष्ठक्रमांक शून्य आहे.