फ्लोरीनला जेरबंद करणारे आंरी म्वासाँ



निळा लिटमस आम्लात बुडवला की लाल होतो, हे आपण प्रयोगशाळेत पाहतो. आता शास्त्रज्ञ याच्याही पुढे गेले आहेत. काही पॉलिमर असे असतात की विशिष्ट पदार्थाचा स्पर्श होताच त्यांच्या साखळीची ठेवण बदलते व निळा रंग लाल होतो. फ्लोरीनयुक्त विषारी बाष्प रंग बदलणाऱ्या पट्टीवरून वेळीच ओळखता यावे, असा संशोधकांचा प्रयत्न आहे. अशी कोणतीही पट्टी नसताना ज्यांनी फ्लोरीनशी सामना केला, त्या आंरी म्वासाँ यांचा परिचय आम्ही या अंकात करून देत आहोत.

त्यांचा जन्म 28 सप्टेंबर 1852 रोजी पॅरिस येथे झाला. वडील रेल्वे कंपनीत नोकरीला, आई शिवणकाम करीत असे. घरची परिस्थिती बेताची. 1870 मध्ये त्यांनी शाळा सोडली, तेव्हा विद्यापीठात प्रवेशासाठी लागणारे प्रमाणपत्रही हाती नव्हते. पुढे औषधाच्या दुकानात उमेदवारी करता करता त्यांनी अभ्यास चालू ठेवला. 1874 मध्ये ती परीक्षा दिली आणि 1880 मध्ये डॉक्टरेट मिळवली.

फ्लोरीन हे मूलद्रव्य आहे हे रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होते, पण ते वेगळे करणे कोणालाच जमत नव्हते. हा वायू काच खातो, बहुतेक धातूंवर हल्ला करतो. त्याच्या शोधात आयर्लंडचे नॉक्स बंधू विषबाधेने आजारी पडले. बेल्जियमचे लूये आणि फ्रान्सचे निक्लेस यांनी तर प्राण गमावले. म्वासाँ यांनाही विषबाधा होऊन काम थांबवावे लागले, पण त्यांनी माघार घेतली नाही.

त्यांनी प्लॅटिनमची इंग्रजी यू आकाराची नळी केली व तिला फ्लोरस्पारची बुचे बसवली. नळीत हायड्रोजन फ्लोराईड व पोटॅशियमचे फ्लोराईड घेऊन, शून्याखाली सुमारे 50 अंश थंडीत वीज सोडली. 26 जून 1886 रोजी एका टोकाला वायू निघाला. त्यात धरलेले सिलिकॉन आपोआप पेटले. फ्लोरीन सापडला, याची ही खूण होती.

विज्ञान अकादमीचे तीन मान्यवर प्रयोग पाहायला आले, त्यांत म्वासाँ यांचे जुने गुरू फ्रेमीही होते. नेमका त्याच दिवशी वायू निघेना. म्वासाँ यांनी कारण शोधले. पाहुण्यांसाठी त्यांनी आम्ल इतके शुद्ध केले होते की त्यातून वीजच वाहत नव्हती. पोटॅशियमचे फ्लोराईड घालताच प्रयोग यशस्वी झाला.

1906 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. स्टॉकहोमहून परतल्यावर थोड्याच दिवसांत, 20 फेब्रुवारी 1907 रोजी, आंत्रपुच्छाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे 54 वर्षांचे होते.

विद्यार्थी मित्रांनो, प्रात्यक्षिक सर्वांसमोर फसले तर खचू नका, कारण शोधा. कमी गुणांची गुणपत्रिका पाहून आयुष्याचा निकाल लागला असे पालकांनीही समजू नये. आणि प्रयोगशाळेत चष्मा व हातमोजे घालायला आपले शिक्षक सांगतात, तेव्हा कुरकुर करू नका. या नियमांची किंमत लूये आणि निक्लेस यांच्यासारख्यांनी आपल्या प्राणांनी मोजली आहे.