व्हर्न यांच्या दोन वाचक
भा. रा. भागवत यांच्या अनुवादांमुळे मुंबई-पुण्यापासून नांदेड-लातूरपर्यंतच्या मराठी वाचकांना परिचित झालेले विज्ञानकथाकार ज्यूल व्हर्न यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ रोजी फ्रान्समधील नांत येथे झाला. वडिलांना वकील मुलगा हवा होता; मुलगा पॅरिसला जाऊन लेखनात रमला. १८६३ मध्ये त्यांची बलूनप्रवासाची कादंबरी गाजली.

व्हर्न यांच्या कथाविश्वात स्त्रिया अभावानेच आढळतात. ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या फॉगच्या कादंबरीतली भारतीय आउदा सती जाण्यापासून वाचवली जाते आणि पुढे त्याच्याच आधाराने प्रवास करते. वाचक स्त्रिया मात्र आधार शोधणाऱ्या नव्हत्या. पुरुषी टोपणनावाने लिहिणाऱ्या कादंबरीकार जॉर्ज सँड यांनी १८६५ मध्ये पत्र पाठवून, आता वाचकांना समुद्राच्या तळाशी न्यावे, अशी इच्छा व्यक्त केली. काही वर्षांतच पाणबुडीची कादंबरी आली.

अमेरिकन वार्ताहर नेली ब्लाय यांनी तर फॉगलाच मागे टाकायचे ठरवले. एकट्या स्त्रीला हे जमणार नाही, असे त्यांच्या वृत्तपत्राच्या व्यवस्थापकाचे मत होते. १४ नोव्हेंबर १८८९ रोजी एकच हातबॅग घेऊन त्या निघाल्या, वाटेत आमियाँ येथे व्हर्न दांपत्याला भेटल्या आणि ७२ दिवसांत परतल्या. व्हर्न यांनी तारेने अभिनंदन केले. २४ मार्च १९०५ रोजी आमियाँ येथेच त्यांचे निधन झाले.