‘कलर डॉप्लर’मधले डॉप्लर कोण होते?

चिठ्ठीवर ‘टू-डी इको व कलर डॉप्लर’ लिहिले की गोखिवऱ्यातले माझे रुग्ण विचारतात, डॉप्लर म्हणजे काय? ते एका माणसाचे आडनाव आहे.

ख्रिश्चन डॉप्लर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी साल्झबर्गमध्ये, पाथरवटाच्या घरी झाला. प्रकृती नाजूक, त्यामुळे घरचा धंदा झेपणारा नव्हता. ते गणित शिकले, पण कायमची नोकरी मिळेना. काही काळ त्यांनी सूतगिरणीत हिशेब लिहिले. अमेरिकेला जायची तयारीही झाली होती, तेवढ्यात १८३५ मध्ये प्रागच्या शाळेत जागा मिळाली.

२५ मे १८४२ रोजी त्यांनी प्रागमध्ये जोडताऱ्यांच्या रंगांवर निबंध वाचला. लहरी सोडणारी वस्तू जवळ येत असेल तर वारंवारता वाढलेली भासते, दूर जात असेल तर घटलेली, असा त्याचा गाभा. ताऱ्यांच्या रंगांबद्दलचे त्यांचे अनुमान चुकले, नियम मात्र खरा निघाला. वसई रोडला न थांबणारी गाडी भोंगा वाजवत पुढे गेली की सूर एकदम खाली येतो, तो याच नियमाने.

१८५० मध्ये ते व्हिएन्ना विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. पण छातीचा आजार बळावला. हवापालटासाठी ते व्हेनिसला गेले आणि १७ मार्च १८५३ रोजी, ४९व्या वर्षी तिथेच वारले. महिनाभराने बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली.

त्यांचा नियम हृदयाच्या तपासणीत आला तो शंभर वर्षांनी. स्टेथोस्कोपने ‘मर्मर’, म्हणजे हृदयाचा जादा आवाज ऐकू येतो. पण झडप अरुंद आहे, गळते आहे की पडद्याला छिद्र आहे, हे नुसत्या कानाने दरवेळी ठरत नाही. इकोत झडप दिसते. डॉप्लर रक्ताची दिशा आणि वेग सांगते. पडद्यावरचा लाल रंग म्हणजे प्रोबकडे येणारे रक्त, निळा म्हणजे दूर जाणारे. शुद्ध-अशुद्ध रक्ताशी त्याचा संबंध नाही. अरुंद झडपेतून रक्त सेकंदाला ४ मीटर वेगाने जात असेल, तर दोन्ही बाजूंच्या दाबात सुमारे ६४ मिमी फरक असतो. पूर्वी हे मोजायला हृदयात नळी घालावी लागे.

या तपासणीत सुई नाही, क्ष-किरण नाहीत. लहान मुलांत, गरोदरपणात किंवा रक्त कमी असताना मर्मर अनेकदा निर्दोष असते. मात्र धाप लागत असेल, चक्कर येत असेल किंवा लहानपणी सांधे सुजून ताप आला असेल, तर इको पुढे ढकलू नका. जुने रिपोर्ट सोबत न्या.