माणगाव ते काठमांडू : बाबासाहेब आणि जगाचे व्यासपीठ

कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे २१ व २२ मार्च १९२० रोजी बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्षस्थानी भीमराव रामजी आंबेडकर होते. त्यांना एकोणतिसावे वर्षही लागायचे... असे वाटावे इतके ते तरुण होते; प्रत्यक्षात अठ्ठाविसावे वर्ष पूर्ण होऊन एकोणतिसावे संपत आले होते. राजर्षी शाहू छत्रपती या परिषदेस स्वतः आले आणि समाजाला आपला खरा पुढारी लाभला आहे, असा विश्वास त्यांनी जाहीरपणे व्यक्त केला. छत्रपतींनी दाखविलेला हा तरुण पुढे दहा वर्षांत लंडनच्या गोलमेज परिषदेत बसला. माणगावच्या मंडपापासून लंडनच्या सभागृहापर्यंतचे हे अंतर केवळ विद्वत्तेच्या बळावर कापले गेले नाही. त्यामागे संघटना होती. बाबासाहेबांच्या चरित्राची ही बाजू आपल्यासारख्या शिक्षणसंस्थेच्या परिवाराने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

सन १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली, तेव्हा ते एकटे होते. पाठीशी संस्था नसलेल्या माणसाचे म्हणणे सरकार ऐकून घेते आणि बाजूला ठेवते, हे त्यांनी जाणले. लंडनहून परतल्यावर २० जुलै १९२४ रोजी त्यांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेच्या आरंभीच्या कार्यात सोलापूरचे विद्यार्थी वसतिगृह होते. शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात नानाविध जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारली होती. अस्पृश्य मुलांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह त्यांपैकीच एक. तीच वाट सभेने धरली. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी निवेदन सादर केले, ते या सभेच्या वतीने. वसतिगृह चालविणारी लहानशी संस्था साम्राज्याच्या आयोगाशी बोलू लागली होती. १९३० मध्ये रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह ते पहिल्या गोलमेज परिषदेस गेले आणि अस्पृश्यांचा प्रश्न प्रथमच त्यांच्याच प्रतिनिधींनी तेथे मांडला.

जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्या काळी आंतरराष्ट्रीय कामगार संघटना ही एक आगळी संस्था होती. तेथे प्रत्येक देशाच्या वतीने सरकारचे दोन, मालकांचा एक आणि कामगारांचा एक असे प्रतिनिधी बसत व प्रत्येकाला स्वतंत्र मत असे. सरकारबाहेरच्या माणसाला सरकारच्या बरोबरीने मत देणारी ही रचना होती. हिंदुस्थानात सरकार, मालक व मजूर यांना एकत्र बसविणारी त्रिपक्षीय परिषद याच धर्तीवर १९४२ मध्ये सुरू झाली आणि तिचे काम बाबासाहेबांच्या देखरेखीखाली चालले. त्याच वर्षी डिसेंबरात कॅनडातील क्वेबेक प्रांतात इन्स्टिट्यूट ऑफ पॅसिफिक रिलेशन्स या बिनसरकारी संस्थेची परिषद झाली. तिच्यासाठी त्यांनी अस्पृश्यांच्या मुक्तीविषयी प्रबंध लिहिला. युद्धानंतरच्या जगाचा विचार करणाऱ्यांसमोर हा प्रश्न असलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

संयुक्त राष्ट्रांची स्थापना १९४५ मध्ये झाली. सनदेच्या एकाहत्तराव्या कलमाने बिनसरकारी संस्थांशी सल्लामसलत करण्याची तरतूद केली; तरी आसने सरकारांचीच राहिली. ज्याची तक्रार स्वतःच्याच देशातील अन्यायाविषयी आहे, त्याने कोणाच्या तोंडाने बोलावे? अमेरिकेतील कृष्णवर्णीयांपुढेही हाच पेच होता. त्यांच्या नॅशनल नीग्रो काँग्रेस या संघटनेने १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला. ते वृत्त कळताच बाबासाहेबांनी विख्यात विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागविल्या. ड्यू बॉइस यांनी जुलैअखेर सहानुभूतीपूर्वक उत्तर दिले. दोन खंडांतील दोन पीडित समाजांचा हा पत्रव्यवहार छोटा आहे, पण त्याचे मोल मोठे आहे.

अस्पृश्यांच्या स्थितीविषयीचा अहवाल बाबासाहेबांनी संयुक्त राष्ट्रांसाठी तयार केला होता. तो त्यांनी पाठविला नाही. मंत्रिपदाच्या राजीनाम्यानंतर १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनात त्यांनी याचे कारण सांगितले : घटना समितीला आणि पुढे येणाऱ्या संसदेला हा प्रश्न सोडविण्याची संधी प्रथम द्यावी, असे त्यांना वाटले. १९४७ मध्ये फेडरेशनच्या वतीने त्यांनी आपले निवेदन घटना समितीसाठी सिद्ध केले, आणि पुढे मसुदा समितीचे अध्यक्षपदच त्यांच्याकडे आले. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे घोषित केले. तथापि प्रत्यक्ष जीवनात जुलूम चालूच असल्याची व्यथा त्याच निवेदनात आहे. अहवाल रोखून धरणे ही माघार नव्हती. घरचा न्याय आधी मागावा, हा त्यांचा विवेक होता; आणि तो न्याय अपुरा ठरला हे जाहीरपणे सांगण्याचे धैर्यही त्यांच्याजवळ होते.

अखेरच्या पर्वात त्यांनी जगाशी दुसरे नाते जोडले. मे १९५० मध्ये कोलंबो येथे जागतिक बौद्ध बंधुत्व संघाची स्थापना झाली, त्या परिषदेस ते उपस्थित होते. डिसेंबर १९५४ मध्ये ते रंगूनच्या परिषदेस गेले. १९५५ मध्ये त्यांनी भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतल्यानंतर महिन्याभरातच, प्रकृती ढासळलेली असताना, ते काठमांडूच्या चौथ्या परिषदेस गेले आणि २० नोव्हेंबर रोजी तेथे बुद्ध व कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. सोळा दिवसांनी, ६ डिसेंबर रोजी, दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

त्यांनी न पाठविलेल्या अहवालाचा विषय पुढे इतरांनी जगापुढे नेला. वांशिक भेदभाव निर्मूलनाच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००२ मध्ये जन्मावर आधारलेल्या, जातीसारख्या भेदभावाविषयी विस्तृत शिफारस केली. त्यामागे दलित संघटनांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. इंटरनॅशनल दलित सॉलिडॅरिटी नेटवर्क या संस्थेने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे सल्लागार दर्जा मागितला. तो मिळण्यास २०२२ चा डिसेंबर उजाडला. पंधरा वर्षे तो अर्ज तग धरून राहिला, कारण त्यामागे चिकाटीने काम करणारी संस्था होती.

जगाच्या व्यासपीठाची वाट अशी वसतिगृहाच्या ओसरीवरून निघते. सभेची नोंदवही, चोख हिशेब, वेळेवर दिलेली वर्गणी आणि अभ्यासपूर्वक लिहिलेले निवेदन, ही त्या वाटेवरची शिदोरी आहे. येथून शिकून गेलेल्या प्रत्येकाने आपल्या गावच्या एखाद्या लहानशा संस्थेचे असे एक काम अंगावर घ्यावे. माणगावच्या भूमीजवळ राहणाऱ्या आपणा सर्वांकडून बाबासाहेबांच्या स्मृतीला तेच खरे अभिवादन ठरेल.